१ येनच्या तिकिटावरचे माएजिमा हिसोका, खानदानी सरदार होते का?

ओसाकाकर_मंदार:
नमस्कार मंडळी, २०२४ च्या ऑक्टोबरात इथे जपानमध्ये पोस्टाचे दर वाढले ना, साधं पत्र ८४ वरून ११० येन आणि कार्ड ६३ वरून ८५, तर घरात पडून असलेली जुनी कार्डं वापरायला वरच्या पैशांची तिकिटं आणली. त्यात १ येनच्या तिकिटावर एका वयस्कर गृहस्थांचा चेहरा आहे. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या बॅरन माएजिमा, पोस्ट यांनीच सुरू केलं. मग हे जन्मानेच उमराव होते का, की सरकारी नोकरीत चढत गेले? कुणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

टपालवेडा:
जन्माने अजिबात नाही! १८३५ चा जन्म, एचिगो प्रांतातला म्हणजे आजचं निगाता, खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं घर, आडनाव उएनो. वडील तान्हेपणीच गेले, आईने वाढवलं. बारा-तेराव्या वर्षी एदोला म्हणजे आजच्या टोकियोला शिकायला गेले आणि पुस्तकांच्या नकला उतरवून पोट भरलं. माएजिमा हे नाव १८६६ मध्ये त्या घराण्याचे वारस झाल्यावर लागलं. बॅरन झाले १९०२ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. १८८४ च्या कायद्याने तिथे उमरावांच्या पाच पायऱ्या ठरल्या, बॅरन सगळ्यात खालची, आणि जुन्या दरबारी घराण्यांबरोबर राज्यासाठी मोठं काम केलेल्यांनाही ती मिळायची.

आता पोस्टाचं. १८७० मध्ये हे दळणवळण खात्यात आले तेव्हा सरकार टोकियो-क्योटो पत्रव्यवहारासाठी खाजगी हिक्याकूंना (आपल्याकडचे जासूद-हरकारे म्हणा) महिन्याला साधारण १५०० र्‍यो (तेव्हाचं चलन) मोजत होतं. यांनी हिशोब मांडला की एवढ्याच पैशात रोज ठरलेल्या वेळी टपाल जाऊ शकतं आणि त्यात लोकांची पत्रंही घेतली तर खर्च वसूल होतो. मला हा माणूस आवडतो तो इथे, आधी खर्चाचा कागद बघितला आणि मग योजना केली. आणि गंमत अशी की योजना मंजूर होतेय तोवर यांना कर्जाच्या कामासाठी इंग्लंडला पाठवलं, त्यामुळे २० एप्रिल १८७१ ला टोकियो-ओसाका टपाल सुरू झालं ते सुगिउरा युझुरु यांच्या हातून, ७८ तासांत पत्र पोचायचं. माएजिमा तिकडे ब्रिटिश पोस्ट बघत होते. परत आल्यावर दहा वर्षं खातं सांभाळलं, देशभर एकच दर, पोस्टाची बचत बँक, १८७७ मध्ये जागतिक टपाल संघात प्रवेश, हे सगळं त्याच काळातलं.

निहोंगो_शिकतेय:
यात अजून एक. १८६६ मध्येच यांनी शोगुनला, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याला, अर्ज दिला होता की कांजी (चिनी चित्राक्षरं) बंद करा, मुलांची वर्षं अक्षरं घोकण्यात जातात, ‘काना’ या सोप्या उच्चारलिपीतच लिहू द्या!! मी सध्या जपानी भाषेच्या एन३ परीक्षेची तयारी करतेय, त्यामुळे हे वाचून एकदम जवळचे वाटले. युबिन (टपाल), कित्ते (तिकीट), हागाकी (पोस्टकार्ड) हे शब्द त्यांनीच रुळवले. सुरुवातीच्या काळ्या टपालपेट्यांवरची कांजी लोकांना नीट वाचता येत नव्हती आणि काहींना ती पेटी म्हणजे मुतारी वाटली असा किस्सा इथे सांगतात.

ओसाकाकर_मंदार:
बापरे, खूप आभार दोघांचे. पण मग त्या हिक्याकू लोकांचं काय झालं, रोजगार गेला असेल ना त्यांचा?

टपालवेडा:
विरोध झालाच, दर पाडून स्पर्धाही केली त्यांनी. माएजिमांनी त्यांच्या प्रतिनिधीला, सासाकी सोसुके यांना समजावलं की पत्रं सरकारकडे द्या आणि तुम्ही माल वाहतुकीची कंपनी काढा. १८७२ मध्ये कंपनी निघाली, तिचाच वारस म्हणजे आजची निप्पॉन एक्सप्रेस. आणि गावोगावी पोस्ट उघडायला सरकारकडे पैसा नव्हता तेव्हा गावातल्या प्रतिष्ठित घरांना गळ घातली, त्यांनी आपल्याच घरातली जागा दिली.

ते शेवटी योकोसुकाजवळ आशिनाला राहायचे, एका मंदिराच्या आवारात, तिथेच १९१९ मध्ये गेले. समाधीही तिथेच आहे, टोकियोच्या बाजूला गेलास तर जाऊन ये.