लेखनगटाच्या बैठकीत प्रत्यक्ष लिहून घेण्यासाठी कोणते सराव द्यावेत?

सीमेवरचा वाचक (बेळगाव तालुका)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, लिहिणाऱ्या मंडळींची बैठक भरते. निवृत्त शिक्षक, शेतकरी, काही गृहिणी आणि महाविद्यालयात शिकणारी मुले असा मिश्र गट आहे. यांतील बहुतेक मुलांचे शिक्षण कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातून झालेले आहे. घरी ती अस्खलित मराठी बोलतात, पण कागदावर मराठी उतरवताना त्यांचा हात अडखळतो.

अडचण अशी की बैठकीचे नेहमी कविसंमेलन होते. प्रत्येक जण वहीतील तयार कविता वाचतो, बाकीचे 'वा' म्हणतात, चहा होतो आणि सभा संपते. त्या दीड तासात कोणीही एक ओळसुद्धा नवी लिहीत नाही. म्हणून जागेवर लिहिण्यासाठी 'पाऊस', 'आई', 'माझे गाव' असे विषय देऊन पाहिले, पण सर्वांचे कागद जवळजवळ सारखेच निघाले, शिवाय ज्येष्ठ मंडळींना हा प्रकार शाळेतल्या निबंधासारखा वाटला. मोठ्यांना पोरकट वाटणार नाहीत आणि मुलांना जड जाणार नाहीत, असे कोणते लेखनसराव घेता येतील? त्यानंतरची चर्चा कोणाचे मन न दुखावता, पण नुसत्या स्तुतीवरही न थांबता कशी चालवावी? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

आपण वर्णन केलेली बैठक सीमाभागात नवी नाही, आणि तिचे कारणही समजण्यासारखे आहे. आपल्याकडील साहित्यव्यवहार प्रामुख्याने व्यासपीठावर वाढला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 1929 आणि 1946 मध्ये बेळगावात भरले. कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर, सांबरा अशा गावांनी तर स्वतःची संमेलने वर्षानुवर्षे चालवली. त्यामुळे लिहिणे म्हणजे लोकांसमोर उभे राहून पूर्ण झालेले काही वाचणे, हीच सवय आपल्याला लागली. ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही, परंतु सरावाला अपुरेपणा चालावा लागतो आणि व्यासपीठाला तो चालत नाही.

माझी सूचना एकच आहे: विषय देऊ नका, अट द्या. 'पाऊस' म्हटले की आजवर वाचलेल्या पावसाच्या सगळ्या कविता मनात गर्दी करतात आणि हात त्यांतलीच एखादी पुन्हा लिहितो. अट घातली की त्या पाठ वाटा बंद होतात आणि लिहिणाऱ्याला स्वतःची वाट शोधावी लागते. फ्रान्समध्ये 1960 साली काही लेखक आणि गणितज्ञांनी 'उलिपो' नावाचा गट स्थापन करून हेच तत्त्व गंभीरपणे वापरले. त्या गटातील एका लेखकाने रोमन 'e' हे अक्षर पूर्णपणे टाळून एक संपूर्ण फ्रेंच कादंबरी लिहिली आणि ती 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. पण आपल्या ज्येष्ठांना हे पटवायला फ्रान्सपर्यंत जाण्याची गरज नाही. दिलेल्या चरणावरून श्लोक पुरा करण्याची समस्यापूर्ती आपल्या पंडितपरंपरेत जुनी आहे आणि दरबारात मोठमोठे कवी ती करीत, त्यामुळे तिला कोणी पोरकट म्हणणार नाही. सुरुवात तिथूनच करावी.

अभंगाचा साचा त्यासाठी फार सोयीचा आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. लघुगुरूचा हिशेब नसल्यामुळे वृत्त न शिकलेला माणूसही बोटांवर अक्षरे मोजून लिहू शकतो. आपण पहिले तीन चरण फळ्यावर लिहा आणि शेवटची चार अक्षरे प्रत्येकाला भरू द्या. नमुन्यादाखल माझेच तीन चरण देतो: 'पावसाची झड । कौलावर नाद । कुणाची ती साद ।' आता पुढे कोणी 'आली दारी' लिहील, कोणी 'ओळखीची' लिहील, आणि 'कानडीत' असे लिहिणारा एखादा निघाला तर त्या चार अक्षरांनी सगळा प्रसंगच बदलतो. दाराबाहेर कोण असेल, घरातील माणसे काय करतील, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. दहा मिनिटांत सर्वांचे शेवट फळ्यावर मांडले की कोणता का भावला, यावर बोलता येते, आणि चार अक्षरांवर टीका झाल्याने कोणी रुसतही नाही.

गद्य लिहिणाऱ्यांसाठी माझा आवडता सराव म्हणजे 'ल' हे अक्षर न वापरता पंधरा ओळी लिहिणे. ऐकताना हा खेळ वाटतो, पण 'ल' काढला की गेला, आला, केले हा सरसकट भूतकाळच हातून निसटतो. मला, तुला, त्याला ही रूपे जातात, आणि बोलणे व चालणे ही क्रियापदेही जातात. मग लिहिणारा एक तर वर्तमानकाळात येतो किंवा 'आजी पहाटे उठे, अंगण झाडी, देवापाशी बसे' अशा जुन्या रीतिभूतकाळाकडे वळतो, आणि त्या वाक्यांना एक वेगळीच लय येते. आठवणी लिहिणाऱ्यांना तर ही लय एकदा सापडली की सोडवत नाही. बेळगावकरांची गंमत अशी की शहराच्या नावात 'ळ' असल्यामुळे ते वाचते, पण गणपत गल्ली, मारुती गल्ली, कडोलकर गल्ली या सगळ्यांना मुकावे लागते आणि फिरायला उरतो तो खडे बाजार.

निपाणीकर

मलप्रभाकाठ यांचे 'विषय नको, अट हवी' हे सूत्र मला मान्य आहे, मात्र अक्षरांच्या अटी ज्यांच्या हातात भाषा आधीच खेळते त्यांच्यासाठी अधिक योग्य आहेत, असे माझे मत आहे. कन्नड माध्यमातून शिकलेल्या मुलाला 'ल' टाळायला सांगितले तर तो कोडे सोडवेल, लिहिणार नाही. या मुलांची खरी श्रीमंती त्यांच्या कानात आहे. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्हींची सरमिसळ, आणि या भाषांमधून ती दिवसभर ये-जा करतात. पुण्यातील त्यांच्या वयाच्या मुलाला हे भांडवल सहसा मिळत नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी ऐकण्याचे सराव घ्यावेत.

पहिला सराव बैठकीच्या आधी करायचा आहे. प्रत्येकाने बसस्थानकावर, आठवडी बाजारात किंवा दूध डेअरीच्या रांगेत थोडा वेळ उभे राहून कानावर पडलेले बोलणे जसेच्या तसे टिपून आणावे. वर्णन नको, बोलणाऱ्याचे नाव नको, स्वतःचे मत तर मुळीच नको. बैठकीत ती टिपणे वाचली जातात आणि इतरांनी फक्त बोलण्यावरून माणसाचे वय, काम आणि मनःस्थिती ओळखायची असते. 'काय करूलालास' हा शब्द प्रमाणभाषेत 'काय करत आहेस' असा दुरुस्त करून आणला की त्यातला माणूस नाहीसा होतो, हे मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. निपाणीत आमच्या परिसरात तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांचे बोलणे अशा टिपणांतून आले, तेव्हा त्या शब्दांचा ठसका कोणत्याही कवितेत आजवर आला नव्हता, असे माझे मत झाले.

दुसरा सराव मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे विजेचे बिल, शेतीचा उतारा, पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये येते आणि घरातील शाळकरी मूल ती आजीला मराठीत समजावून सांगते. हा प्रसंग केवळ संवादात लिहायला द्यावा. अट अशी की नोटिशीत काय आहे हे लेखकाने स्वतः सांगायचे नाही आणि मुलाने आजीपासून एक गोष्ट लपवायची. आजीला ते कळले की नाही, हे वाचकाला शेवटी उमगले पाहिजे. लपवलेली गोष्ट संवादातून सूचित करणे हे कथालेखनातले अवघड कौशल्य आहे, आणि इथे ते आपोआप साधते, कारण प्रसंग सर्वांच्या घरात घडलेला असतो. ज्येष्ठांना तो आजीच्या बाजूने लिहू द्यावा.

'हात न थांबवता दहा मिनिटे सुचेल ते लिहा' हा सराव हल्ली बऱ्याच ठिकाणी घेतला जातो. एकट्याने घरी करायला तो उपयुक्त आहे, परंतु आपल्यासारख्या गटात, जिथे लिहिलेले लगेच वाचून दाखवायचे आहे, तिथे लोक पुन्हा सुविचारांकडे वळतात, म्हणून तो मी टाळीन.

शहापूरची शिक्षिका

चर्चेविषयी थोडेसे. मी अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे आणि लाल शाईची सवय किती खोल असते हे मला चांगले ठाऊक आहे. बैठकीतील निवृत्त शिक्षकांना आपण नम्रपणे, पण आधीच सांगावे की नव्या लेखनाच्या पहिल्या वाचनात ऱ्हस्वदीर्घाचा विषय निघणार नाही. कागद दुसऱ्याच्या हातात न देता लिहिणाऱ्यानेच मोठ्याने वाचला तर शुद्धलेखन दिसतच नाही आणि मुलांची भीती निम्म्याहून कमी होते. शुद्धलेखन अनावश्यक आहे असा याचा अर्थ नाही. त्यासाठी लेखन पक्के झाल्यावर वेगळा वेळ ठेवावा आणि त्या वेळी याच शिक्षकांना मुलांसोबत एकेकट्याने बसवावे. त्यांचा मानही राहतो आणि ज्ञानही कामी येते.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात 1936 मध्ये सुरू झालेल्या लेखनवर्गामुळे एक पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ झाली. चर्चा चालू असताना ज्याचे लेखन आहे त्याने गप्प बसायचे. आपल्या लोकांना हे कठीण जाते, कारण कविता वाचण्याआधी तिची पार्श्वभूमी सांगण्याची आपली रीत आहे आणि ती पार्श्वभूमी पुष्कळदा कवितेपेक्षा लांब असते. तरीही हा नियम पाळावा, परंतु सौम्य करून. ऐकणाऱ्यांनी प्रथम फक्त लक्षात राहिलेली एक ओळ किंवा एक वस्तू सांगावी. 'छान', 'हृदयस्पर्शी' असे शब्द त्या वेळी वर्ज्य. एकाच ओळीचा उल्लेख अनेकांनी केला, तर लेखकाला आपले बळ कळते, आणि ज्या ओळीवर त्याने सर्वाधिक कष्ट घेतले तिचे नावही कोणी काढले नाही, तर त्यालाही काही उमजते. त्यानंतर 'मला इथे समजले नाही' एवढेच म्हणण्याची मुभा असावी. सूचना लेखकाने मागितल्या तरच द्याव्यात.

आणि हो, चहा लेखनाच्या आधी द्यावा. नंतर दिला की शेवटचा अर्धा तास सगळ्यांचे लक्ष किटलीकडे असते.

सीमेवरचा वाचक (बेळगाव तालुका)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या बैठकीत सुरुवातीला अभंगाचे तीन चरण फळ्यावर लिहून सर्वांकडून शेवटची चार अक्षरे भरून घ्यायची, आणि उरलेल्या वेळात निपाणीकरांचा नोटिशीचा संवाद घ्यायचा, असे ठरवले आहे. 'ल' विरहित गद्य मात्र घरून लिहून आणायला देईन, कारण एका शिक्षकांनी वाचनालयातच त्याचा प्रयत्न सुरू केला आणि त्यांना बोलतासुद्धा येईना.

एक शंका उरते. नोटिशीच्या संवादात कन्नड वाक्ये आली तर ती देवनागरीत तशीच ठेवावीत, की लगेच पुढे मराठी अर्थ द्यावा? आमच्या गटात कन्नड न समजणारे फारसे कोणी नाहीत, पण लेखन पुढे एखाद्या मासिकाकडे पाठवायचे झाल्यास वाचक बाहेरचा असेल.

निपाणीकर

अर्थ लगेच देऊ नये. कन्नड वाक्य देवनागरीत छोटे ठेवावे आणि त्यावर आजी जे उत्तर देते त्यातून अर्थ कळेल असे उत्तर लिहावे. उदाहरणार्थ, दारात आलेला माणूस 'दुड्डु एल्ली?' असे विचारतो आणि आजी म्हणते, 'सोमवारी देतो म्हणून सांग त्याला.' साताऱ्याच्या वाचकालाही इथे काही अडणार नाही. जिथे उत्तरातून अर्थ लागत नाही, तिथे ते कन्नड वाक्य बहुधा केवळ रंगासाठी आलेले असते, आणि मग ते काढलेलेच बरे. हीच कसोटी मुलांना द्या आणि प्रत्येकाला आपला संवाद एखाद्या कन्नड न येणाऱ्या नातेवाइकाला फोनवर वाचून दाखवायला सांगा. कोल्हापूरकडे कोणाची ना कोणाची मावशी असतेच.