स्पेक्ट्रम म्हणजे निव्वळ खेळणं होतं का?

कॅसेटवाला:
माळा आवरताना आमचा डीबी स्पेक्ट्रम प्लस सापडला, टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या परवान्यावर डेसिबेल्स कंपनीने इकडे काढलेला, तोच. बाबांनी १९८९ मध्ये दुकानाची उधारी मांडायला घेतला होता. महिनाभरात घरात त्याचं नाव पडलं 'गेमचं खोकं'. काकांनी ऑफिसात पीसी घेतला, तो मात्र 'कॉम्प्युटर'! मेमरी ४८ केबीच, म्हणून का हो?

खुंटीवरचा_सदरा:
मेमरीचं कारण नव्हे. १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला तेव्हा सगळ्यात स्वस्त मॉडेलला १६ केबीच होती, आणि मागे कॅसेट रेकॉर्डर जोडायची सोयसुद्धा!

खरी गोम ओळीत. स्पेक्ट्रमवर एका ओळीत ३२ अक्षरं. गिऱ्हाइकाचं नाव न् पत्ता लिहिला की रकमेला जागाच नाही. पीसीवर ८०, म्हणजे टाइप केलेल्या पत्रासारखं दिसायचं. टासवर्ड या मजकूर लिहायच्या प्रोग्रामने स्पेक्ट्रमवर ६४ बसवली होती, पण टीव्हीवर ती वाचायची म्हणजे डोळे किलकिले करा. मोठा प्रिंटर लावायचा तर इंटरफेस वेगळा घ्या. आणि टीव्ही घरात एकच ना? रविवारी महाभारत लागलं की तुमची उधारी बंद.

परदेशी_पाटी:
मी तेव्हा न्यू जर्सीत होते. कमोडोर ६४ हा असाच घरगुती कॉम्प्युटर तिकडे खेळण्यांच्या दुकानातही मिळायचा. त्यावर मल्टिप्लॅन हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्राम चालायचा, पण बाहुल्यांच्या शेजारून उचललेल्या यंत्रावर साहेब ताळेबंद कसा करणार? कमोडोरला १६ रंग, आवाजाला खास सिड चिप. पीसीच्या सीजीए या चित्र दाखवणाऱ्या कार्डावर गेमला जेमतेम चार रंग, आवाज नुसता पीं-पीं. माझ्या मते या दळभद्रीपणामुळेच तो कामाचा वाटला! अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरलासुद्धा रंग होते, पण १९७९ मध्ये त्यावर व्हिजिकॅल्क हे तक्त्यांचं सॉफ्टवेअर आलं आणि हिशेबवाले त्याच्यासाठी यंत्र घ्यायला लागले. स्पेक्ट्रमला तसं काही लाभलं नाही.

कॅसेटवाला:
टीव्हीचं अगदी खरं. आमच्याकडे आजीचा शब्द शेवटचा.
खोक्यात एक कॅसेटही होती. वर बाबांचं अक्षर, 'उधारी – पुसू नये'. लोड करायला पाच मिनिटं लागायची ती. पण त्यांनी कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडला नव्हता (तो मोडला की टेपरेकॉर्डर वर दुसरं काही भरू देत नाही), आणि मी तिच्यावर गेम भरून ठेवला होता. बाबांनी त्याच संध्याकाळी लाल वही परत काढली.