अनुभव धागा : कोविडच्या काळात कुणी सांभाळून घेतलं?

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी ५ वाजता टाळ्या-थाळ्या वाजवून झाल्या. पुढची दोन वर्षं ज्यांच्या जिवावर निघाली त्यातले बरेचजण कुठल्याच सत्काराच्या यादीत आले नाहीत. त्यांच्याबद्दल लिहा. मोठं काही असायलाच हवं असं नाही. नावं मात्र नकोत, त्यांना कुणी विचारलेलं नाही.

डोंबिवली
घरात चौघेही एकदम पॉझिटिव्ह. खालच्या मजल्यावरच्या काकू डबा दाराच्या कडीला अडकवायच्या, बेल मारायच्या आणि जिना उतरायच्या. प्रश्न एकच, आमच्या घरातला डबा परत न्यायचा कसा? सोसायटीच्या ग्रुपवर निरोप गेला आणि घरोघरी माळ्यावर साठवलेले श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे प्लॅस्टिकचे डबे बाहेर निघाले. ज्यावरून आम्ही आयांची आयुष्यभर चेष्टा केली, तेच! एकात आमटी, एकात भात, झाकणावर मार्करने लिहिलेलं 'मीठ कमी, बाबांसाठी'. आमच्या तोंडाला चवच नव्हती, त्यामुळे कमी-जास्त कुणालाच कळलं नाही, ते सोडा.

सातारा जिल्हा, आशा सेविका
सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं. रोज घरोघर जायचं, ताप बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. ९५ च्या खाली आला की दवाखान्यात पाठवायचं. रानातून आलेल्या म्हाताऱ्या बायांची बोटं गार, मशीन आकडाच दाखवायचं नाही. मग त्यांचा हात माझ्या हातात घेऊन चोळायचा आणि परत लावायचं. अंतर ठेवा, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. काही घरं दार उघडायची नाहीत, आम्हीच रोग आणतो म्हणायची. एक आजी मात्र ओट्यावर माझ्यासाठी वेगळा तांब्या-भांडं भरून ठेवायच्या आणि मी पाणी प्यायल्याशिवाय बोट पुढं करायच्या नाहीत.

आयशरवाला, नागपूर-हैदराबाद रोड
अत्यावश्यक माल म्हणून आमच्या गाड्या चालू, पण ढाबे सगळे बंद. पंक्चरवालासुद्धा नाही. यवतमाळ जिल्ह्यात करंजीला बाबा कर्नैल सिंग खैरा यांचा लंगर तेवढा चालू होता. बाबांनी ऐंशी ओलांडलेली. चालत गावी निघालेले मजूर आणि आम्ही ड्रायव्हर एकाच पंगतीत. कुठले, कोण, कुणी विचारलं नाही.

पुणे
आमच्या किराणावाल्याने उधारीची वही बंद केली नाही. एवढंच.

नाशिक
एप्रिल २०२१. रिकामे टँकर घेऊन १९ तारखेला कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघालेली ऑक्सिजन एक्सप्रेस २४ ला नाशिकला पोचली. मधले दिवस कसे काढले ते ज्यांचे पेशंट होते त्यांनाच ठाऊक. सातपूरला आमच्या ओळखीच्या एकाचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गॅस कटिंगला लागणारे जंबो सिलिंडर त्याने स्वतःहून काढून दिले. ते तसेच्या तसे पेशंटला लावता येत नाहीत, आधी साफ करून मेडिकल ऑक्सिजनने भरून घ्यावे लागतात. ती धावपळही त्यानेच केली, स्वतःच्या टेम्पोतून. वर्कशॉप अर्थातच बंद. हप्ते चालूच होते.

नर्स, मुंबई
वर सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहिते. माझ्या घरमालकांनी ड्यूटी कोविड वॉर्डात लागल्याचं कळताच खोली सोडायला सांगितली. दोन वेळा वाजवलेली थाळी त्यांच्याच गॅलरीतली. आमच्या वॉर्डातल्या सफाईच्या मावशींनी त्यांच्या चाळीतली पोटमाळ्याची जागा दिली. भाडं घेतलं हं, पूर्ण घेतलं, आणि घ्यायलाच हवं होतं. पण रात्रपाळी करून आले की आंघोळीचं पाणी तापलेलं असायचं, आणि चाळीत कुणी कुरकुर केली तर मावशी मला पुढे बोलूच द्यायच्या नाहीत, स्वतःच भांडायच्या.