कुलसंमेलनापूर्वीचा एक पेच : न जुळलेल्या घराण्याला वंशवृक्षात कोठे बसवावे?

प्रश्न – कुलमंडळाचा चिटणीस

सप्रेम नमस्कार.

आमच्या कुलमंडळाचे वार्षिक संमेलन येत्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यातील मूळ गावी, कुलस्वामीच्या देवळाच्या आवारात भरणार आहे. सकाळी अभिषेक, मग ज्येष्ठांचा सत्कार, दुपारी महाप्रसाद आणि त्यानंतर सर्वसाधारण सभा असा नेहमीचाच क्रम आहे. या सभेत कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर कायम करावयाचा आहे आणि नेमक्या त्याच ठिकाणी आमचे घोडे अडले आहे.

मध्य प्रदेशातील सागर येथे आमच्याच आडनावाचे एक मोठे घराणे पिढ्यानपिढ्या राहते. आडनाव तेच, गोत्र तेच, कुलस्वामी व कुलस्वामिनीही त्याच. पानिपतानंतर आपला एक पूर्वज कोकणातून तिकडे गेला, असे ते परंपरेने सांगतात. त्यांच्याजवळ प्रयागच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतील एका नोंदीची नक्कल आहे. तीत ‘साल 1822’ असा आकडा असून यात्रेकरूचे स्वतःचे, वडिलांचे व आजोबांचे अशी तीन नावे दिली आहेत. आजोबांचे व नातवाचे नाव एकच आहे. आमच्या वंशवृक्षात मूळपुरुषापासून पाचव्या पिढीत याच नावांची जोडी येते. परंतु तो गृहस्थ गाव सोडून कोठेही गेला नव्हता, त्याला मूलबाळ नव्हते आणि त्याने घेतलेल्या दत्तकाचा वंश आजही गावात नांदत आहे. त्यामुळे कार्यकारिणीतील काहींच्या मते सागरच्या मंडळींचा आपल्याशी संबंध नाही. उरलेले म्हणतात की एवढे सारे जुळत असताना त्यांना बाहेर ठेवणे हा कोतेपणा होईल.

त्यांची सुमारे 20 माणसे संमेलनाला येणार आहेत. त्यांना वंशवृक्षात घ्यावे काय, घ्यावयाचे झाल्यास कोणत्या पुराव्यावर आणि न घेतल्यास ते कोणत्या शब्दांत सांगावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. आमचे आडनाव येथे मुद्दाम देत नाही.

उत्तर 1 – मोडी वाचणारा

चिटणीस महोदय, वंशवृक्ष उघडण्यापूर्वी त्या ‘1822’ कडे पुन्हा एकदा पाहावे. आपण तो आकडा इसवी सन धरलेला दिसतो. प्रयाग, काशी व गया येथील वह्यांत सामान्यतः विक्रम संवत् लिहिला जातो. शालिवाहन शक लिहिण्याची सवय आपल्याकडची. संवताच्या आकड्यातून 57 वजा केले की इसवी सन मिळतो, शकाच्या आकड्यात 78 मिळवावे लागतात. म्हणजे 1822 हा संवत् असेल तर ते वर्ष 1765 च्या सुमाराचे ठरते आणि शक असेल तर 1900 चे. एकाच आकड्यात 135 वर्षांचा फरक पडतो. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली. त्यानंतर चार वर्षांनी उत्तरेत स्थिरावलेला माणूस प्रयागास जातो, ही गोष्ट त्या घराण्याच्या परंपरेशी चांगलीच जुळते.

एका पिढीचे अंतर 25 ते 30 वर्षे धरले, तर 1765 आणि 1822 यांच्यामध्ये बरोबर दोन पिढ्या बसतात. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे तीच नावे एक पिढी सोडून पुन्हा येतात आणि वंशावळी जुळवताना सर्वांत जास्त चुका याच दोन पिढ्यांच्या घसरणीने होतात. पेशव्यांचेच घराणे पाहा : श्रीवर्धनचे विश्वनाथपंत भट, त्यांचे पुत्र बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव, ज्यांचे मूळ नाव आजोबांवरून विसाजी, आणि बाजीरावांचे पुत्र पुन्हा बाळाजी. या घराण्याची कागदपत्रे विपुल आहेत म्हणून आपला गोंधळ होत नाही. सामान्य घराण्याचा एकच सुटा कागद हाती आला असता तर कोणता बाळाजी हे कोणी छातीठोकपणे सांगितले नसते. म्हणून आपण पाचवी पिढी सोडून तिसरीत शोध घ्यावा. तेथे त्याच नावाचा, ‘पुढील वंश माहीत नाही’ असा शेरा असलेला कोणी आहे काय?

सालाच्या बाबतीत आणखी एक सूचना. मूळ गावच्या पेशवेकालीन कागदांत सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या दफ्तरांतील एक कालगणना, अरबी शब्दांनी लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अर्थात 1161. त्यात 599 मिळवले की 1760 येते आणि हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे पानिपतचा जानेवारीही त्यातच पडतो. घाईघाईत वाचणारे यातील एखादा शब्द गाळतात आणि पणजोबा खापरपणजोबांच्या आधी जन्माला येतात.

उत्तर 2 – तळकोकणातील एक वाचक

वरील उत्तराशी सहमत आहे. तथापि साल जुळले म्हणजे नाते सिद्ध झाले असे नव्हे, नाते अशक्य नाही एवढेच त्यातून कळते.

आडनाव, गोत्र आणि कुलदैवत ही त्रयी आपण फार विश्वासाने पुढे करतो. चित्पावनांत गोत्रे चौदा आणि आडनावे शेकड्यांनी. तेव्हा गोत्र एक असणे यात विशेष काही नाही. गावावरून पडलेले ‘कर’कारान्त आडनाव तर त्या गावातून बाहेर पडलेल्या कोणत्याही घराला, कोणत्याही जातीत, चिकटलेले असते. गुहागरचा व्याडेश्वर किंवा अंबाजोगाईची योगेश्वरी ही कितीतरी वेगवेगळ्या घराण्यांची दैवते आहेत. या तिन्ही गोष्टींनी फक्त क्षेत्र आखले जाते. त्यातील नेमके घर सापडण्यासाठी निराळा पुरावा लागतो.

आमच्या कुळाचा वृत्तांत करताना मला सर्वांत उपयोगी पडली ती भाऊबंदकी. हे विनोदाने लिहीत नाही. खोतीच्या (गावचा सारा वसूल करण्याच्या वतनाच्या) तक्षिमांवरून, म्हणजे हिश्शांवरून, भांडणे झाली, फिर्यादी झाल्या आणि प्रत्येक फिर्यादीसोबत आपला हक्क दाखवण्यासाठी वंशावळ जोडावी लागली. गुण्यागोविंदाने राहिलेल्या शाखांचा मागमूस लागत नाही, भांडलेल्या शाखांचे मात्र नातवंडांपर्यंत सारे लिहिलेले सापडते. घराण्याकडे इनाम असेल तर 1852 नंतरच्या इंग्रज सरकारच्या इनाम चौकशीत दिलेल्या कैफियती (लेखी निवेदने) पाहाव्यात. इनाम कोणाकडून कोणाकडे आले हे तेथे पिढीवार सांगावे लागत असे. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तर आहे आणि 1910 मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोठा कागदसंग्रह आहे. परगण्याचे व गावाचे नाव ठाऊक असल्याखेरीज मात्र तेथे हात घालू नये. रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या, त्या डोंगरात नुसत्या आडनावाने काही हाती लागत नाही.

दुसरा पुरावा सोयरसुतकाचा. सात पिढ्यांपर्यंतच्या सपिंडांचे दहा दिवसांचे आणि त्यापलीकडच्या समानोदकांचे तीन दिवसांचे सुतक पाळले जात असे. गावात जी म्हातारी माणसे असतील त्यांना एवढेच विचारावे की पूर्वी उत्तरेकडून कोणाच्या निधनाचे पत्र आले म्हणजे घरात स्नान करीत असत काय. अशी आठवण निघाली तर ती कागदाइतकीच मोलाची माना, कारण उगाच कोणी दुसऱ्याचे सुतक धरीत नाही.

उत्तर 3 – एक माहेरवाशीण

आपल्या चर्चेत आतापर्यंत एकाही बाईचे नाव आले नाही, म्हणून लिहीत आहे.

एकाच नावाचे दोन पुरुष वेगळे करण्याची सोपी खूण म्हणजे त्यांच्या बायका. नवऱ्याचे, सासऱ्याचे व आजेसासऱ्याचे नाव जुळेल, पण त्याबरोबर पत्नीचे नाव आणि तिचे माहेरचे आडनावही जुळणे हा निव्वळ योगायोग असणे कठीण. ही नावे कुलवृत्तांतात नसतात, कारण ती कोणी विचारलेलीच नसतात. श्राद्धात मात्र ती असतातच. महालयाला आई, आजी, पणजी यांचा उच्चार होतो, आईचे वडील, आजोबा, पणजोबाही घेतले जातात. अनेक घरांत गुरुजींना देण्यासाठी या नावांचा एक जुना कागद पोथीत जपून ठेवलेला असतो. सागरच्या मंडळींकडे तो असेल तर आधी तो मागवावा. तसेच त्यांच्याकडील कोणी गयेस जाऊन आले असल्यास तेथील नोंदही पाहावी.

याच निमित्ताने मंडळाला एक प्रश्न विचारते. आमच्या कुलवृत्तांताच्या पहिल्या आवृत्तीत माझ्या आत्यांची नावे आहेत, त्यांच्या यजमानांची नावे आहेत आणि पुढे पूर्णविराम आहे. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येक माणसाला 1024 पूर्वजांच्या जागा असतात. त्यांतील एका पुरुषाला आपण मूळपुरुष म्हणतो, ती सोय म्हणून ठीक आहे. पण जो अडीचशे वर्षांपूर्वी नाहीसा झाला त्याच्या वंशजांसाठी आपण प्रयागपर्यंत जाणार आणि पुण्यातच राहणाऱ्या भाच्यांना संमेलनात ‘पाहुणे’ म्हणून बिल्ला लावणार, हे मला पटत नाही. दुसऱ्या आवृत्तीत मुलींच्या निदान दोन पिढ्या याव्यात, असा ठराव मी यंदा मांडणार आहे आणि चिटणीसांनी तो विषयपत्रिकेत घ्यावा.

उत्तर 4 – सांगलीकडील एक शेतकरी

आमच्या भागात हे काम हेळवी करतात. काही वर्षांच्या अंतराने ते दारी येतात, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात, नवीन जन्मलेल्यांची नावे वहीत लिहून घेतात आणि धान्य व दक्षिणा घेऊन पुढच्या गावी जातात. आमचे मूळ गाव कोणते, तेथून कोणता भाऊ कोठे गेला, हे आम्हांला घरातून नव्हे तर त्यांच्याकडून कळले. कोकणात हा प्रघात नसावा, तरी सागरच्या लोकांच्या वंशावळीची नोंद ठेवणारे तिकडचे कोणी भाट आहेत काय याची चौकशी अवश्य करावी. आमच्याकडे तर देवकावरूनही, म्हणजे लग्नात पूजल्या जाणाऱ्या कुळाच्या चिन्हावरूनही, बराच उलगडा होतो. आडनाव बदललेली भावकी लग्नात देवक एकच निघाल्यामुळे ओळखली गेल्याची उदाहरणे आहेत.

उत्तर 5 – परदेशस्थ सदस्य

अलीकडे जनुकीय चाचणीचा पर्याय सुचवला जातो, म्हणून त्याच्या मर्यादा सांगतो. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, त्यामुळे दोन्ही घराण्यांतील एकेका पुरुषाची तपासणी केल्यास पितृवंश एक आहे की नाही याचा अंदाज येतो. जुळणी झाली तरी समाईक पूर्वज तिसऱ्या पिढीतला की पंधराव्या, हे ती नेमके सांगू शकत नाही. उलट जुळणी झाली नाही, तरी मधल्या एखाद्या पिढीत दत्तक आला असेल, असाही अर्थ निघू शकतो. आणि दत्तक आलेला मुलगा कुळाचा पूर्ण वारस मानला जातो, हे आपणांस ठाऊकच आहे. शिवाय अशा तपासणीतून घरातील जिवंत माणसांविषयी नको ते निष्पन्न होण्याचा संभव असतो. तेव्हा चाचणी कोणी स्वेच्छेने केली तर करावी. मंडळाने ती अट म्हणून घालू नये.

दुसऱ्या आवृत्तीबाबत एक विनंती : हयात व्यक्तींच्या पूर्ण जन्मतारखा व दूरध्वनी क्रमांक छापू नका, जन्मवर्ष पुरेसे आहे. हे पुस्तक आज ना उद्या कोणीतरी महाजालावर चढवणारच.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – कुलमंडळाचा चिटणीस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिले उत्तर वाचून मी त्याच रात्री पहिली आवृत्ती काढून पाहिली. तिसऱ्या पिढीत तीच नावे आहेत आणि त्या गृहस्थापुढे ‘देशावर गेला, पुढील वंश माहीत नाही’ असा शेरा आहे (देश म्हणजे घाटावरचा मुलुख). माझ्यासह चौघांनी हे पान अनेकदा वाचले होते, पण 1822 हा आकडा डोक्यात पक्का बसल्यामुळे त्या ओळीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्यांनी सागरच्या मंडळींना ठाम विरोध केला होता त्या आमच्या ज्येष्ठ सदस्यांना हे दाखवले तेव्हा, “देशावर म्हणजे सागर कशावरून?” असा त्यांचा प्रश्न आला आणि तो योग्यच आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी असे मांडणार आहे की सागरचे घराणे या आवृत्तीत स्वतंत्र प्रकरण म्हणून पूर्ण छापावे, तिसऱ्या पिढीतील त्या नावापासून त्यांच्यापर्यंत तुटक रेघ काढावी आणि ती तुटक का आहे हे खाली चार ओळींत लिहावे. प्रयागच्या वहीत याच घराण्याच्या पुढच्या यात्रांच्या नोंदी मिळाल्या आणि त्यांत पिढी न तुटता नावे आली, तर तिसऱ्या आवृत्तीत रेघ सलग करता येईल. मंडळाचे सदस्यत्व मात्र त्यांना आताच द्यावे. आमच्या घटनेत सदस्यत्वासाठी आडनाव, गोत्र व कुलस्वामी एवढीच अट आहे, वंशवृक्षातील स्थान ही अट नाही.

माहेरवाशीण ताईंचा ठराव विषयपत्रिकेत घेतला आहे. सागरच्या आजींना कालच दूरध्वनी केला आणि महालयाच्या कागदाविषयी विचारले. कागद आहे, पण तो देवघरातल्या पेटीत असून पेटीची किल्ली त्यांच्या धाकट्या मुलाबरोबर जबलपूरला गेली आहे. तो दिवाळीला घरी येईल. कागदाचे छायाचित्र मिळाले आणि अक्षर मोडी निघाले, तर पहिल्या उत्तराच्या लेखकांना पुन्हा तसदी देईन.