टीडीए २०३० दहा मिनिटांत बंद पडतो, हीटसिंक कसा बसवायचा?

नवीन_हात
नमस्कार. मी आयटीआयच्या पहिल्या वर्षाला आहे. आजोबांना कमी ऐकू येतं. रेडिओवरचं कीर्तन त्यांना नीट ऐकू यावं म्हणून टीडीए २०३० या आयसीचा मोनो अ‍ॅम्प्लिफायर बनवलाय. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, ड्युअल सप्लाय (प्लस आणि मायनस दोन्ही), स्पीकर ४ ओहमचा. हीटसिंक म्हणून, म्हणजे उष्णता ओढून घ्यायला, आयसीला दोन बोटं रुंदीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली आहे. दहाएक मिनिटं छान वाजतो, मग आवाज फाटतो आणि बंदच होतो. थोडं थांबलं की आपोआप पुन्हा सुरू. एकाने सांगितलं, आयसी सरळ लोखंडी डब्याला कस. तसं केलं तर चालू करताक्षणी फ्यूज उडाला. मध्ये मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) लावायचा का? उष्णता वाहून नेणारी पेस्ट किती? हीटसिंक केवढा? आणि आयसी गेला का?

जुना_सोल्डर
आयसी बहुतेक शाबूत आहे, घाबरू नकोस. आतलं तापमान १५० अंशांच्या आसपास गेलं की हा आयसी स्वतःच आवाज तोडतो आणि गार झाला की परत चालू होतो. तुझी पट्टी पुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

फ्यूज मात्र वेगळ्या कारणाने उडाला. या आयसीची पाठ, म्हणजे भोक असलेली धातूची पट्टी, आतून ३ नंबरच्या पायाला जोडलेली असते आणि ३ नंबर म्हणजे मायनस सप्लाय. तुझ्याकडे तिथे जवळपास उणे १६ व्होल्ट आहेत. डबा ग्राउंडला जोडलेला, त्यालाच तू आयसी कसलास. सरळ शॉर्ट झाला. सिंगल सप्लाय असता तर ३ नंबर ग्राउंडलाच असतो, मग मायकाशिवायही चाललं असतं. तुला सांगणाऱ्याचा सर्किट तसला असणार.

आता हीटसिंक केवढा, ते. दोन्ही सप्लाय मिळून ३२ व्होल्ट. ३२ चा वर्ग १०२४, त्याला २० गुणिले स्पीकरचे ओहम यांनी भाग. ४ ओहमला जवळपास १३ वॅट उष्णता येते, वर आयसी नुसता चालू असतानाची सव्वाएक वॅट धर. झाले १४. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीत ४० अंश असतातच. आत १२५ च्या वर जाऊ द्यायचं नाही म्हटलं तर हातात ८५ अंश उरतात. ८५ भागिले १४, म्हणजे दर वॅटमागे ६ अंश तापायला वाव. त्यातले ३ आयसीच्या आतच जातात, पेस्टसह मायकाचा साधारण १. हीटसिंकच्या वाट्याला वॅटला फक्त २ अंश, म्हणजे चांगला जाडजूड पंख्यांचा (धातूच्या पात्यांचा) तुकडा लागेल. तोच ८ ओहमचा स्पीकर लावलास तर उष्णता ८ वॅटवर येते आणि साडेसहा अंशांचा छोटा हीटसिंक पुरतो. आजोबांच्या खोलीसाठी ८ ओहमच लाव. आवाज थोडा कमी होईल, पण कीर्तनाला भरपूर आहे.

बसवताना घाई करू नकोस. मी ३५ वर्षं रिपेअरिंगच्या टेबलावर आहे. जळून आलेल्या सेटमध्ये मला सगळ्यात जास्त दिसलेली चूक म्हणजे भोकाच्या कडेला राहिलेला बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धातूची टोकदार कड. ३ एमएमच्या स्क्रूसाठी ३.२ चं भोक पाड, मग मोठं ड्रिल बिट नुसतं हातात धरून भोकाच्या तोंडावर दोन वेळा फिरव. बोटाच्या पेराने चाचपून बघ. जरा जरी टोचलं तरी तो कण मायका फोडून पलीकडे जाणार. पेस्ट मायकाच्या दोन्ही बाजूंना इतकी पातळ लाव की खालचा धातू अंधुक दिसला पाहिजे. थापून लावलेली पेस्ट उलट उष्णता अडवते. स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश (स्क्रूभोवतीची छोटी नळी) विसरू नकोस, नाहीतर मायका लावूनही स्क्रूमधून शॉर्ट होतो. स्क्रू घट्ट कर, पण पिळू नकोस. फार आवळला की आयसीची दुसरी बाजू हीटसिंकपासून उचलली जाते.

आधी आयसी हीटसिंकला कस, पाय बोर्डात बसव आणि मगच सोल्डर कर. उलटं केलंस तर पायांवर कायमचा ताण राहतो. शेवटी मल्टिमीटर बीपवर ठेवून आयसीची पाठ आणि हीटसिंक तपास. बीप आला तर सगळं सोडवून पुन्हा बसव.

पुण्याचा_ऑडिओवाला
काकांच्या म्हणण्यात एक भर. रेडिओ न लावता, नुसता चालू ठेवून बघ. तरीही आयसी कडक तापत असेल तर दोष हीटसिंकचा नाही, सर्किट ऑसिलेट होतंय, म्हणजे सिग्नल नसताना आपोआप थरथरतंय. आउटपुटवर १ ओहमचा रेझिस्टर आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर सिरीजमध्ये आहेत का? सप्लायचे ०.१ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर आयसीच्या पायांना चिकटून आहेत का?

नवीन_हात
काका, बर खरंच होता! तुम्ही सांगितल्यावर पहिल्यांदा बसवलेला मायका उजेडात धरला तर भोकाजवळ टाचणीएवढं छिद्र दिसलं. ०.१ चे कॅपॅसिटर तीन इंच लांब होते, तेही जवळ आणले. जुन्या यूपीएसमधला पंख्यांचा हीटसिंक लावला, स्पीकर ८ ओहमचा. काल आजोबांनी पूर्ण तासभर कीर्तन ऐकलं. हीटसिंक कोमट झाला, हात ठेवता येतो. डब्यात हीटसिंक आडवा ठेवला तर चालेल?

जुना_सोल्डर
छान केलंस पोरा. आडवा नको. पंखे उभे राहतील असा बसव, गरम हवा वर निघून जाते. डब्याला खाली आणि वर दोन्हीकडे भोकं पाड, नुसती वर पाडून हवा खेळत नाही.