एमएस ऑर्थोनंतर खेळाच्या दुखापतींकडे वळायचंय, फेलोशिप कशी निवडावी?

प्रश्न: एमएसचं (हाडांच्या शस्त्रक्रियेतली पदव्युत्तर पदवी) शेवटचं वर्ष आहे. गुडघा आणि खांद्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत काम करायचंय. फेलोशिप (पदवीनंतरचं खास प्रशिक्षण) घेताना काय पाहावं?

उत्तर १: हातात स्कोप (सांध्यात घालायची दुर्बीण) किती मिळेल, ते आधी तिथल्या फेलोंना विचारा. दोन-चार आठवड्यांच्या ऑब्झर्वरशिपमध्ये फक्त बघणं होतं, वर्षभराची घ्या. एका हातात स्कोप, दुसऱ्यात अवजार, नजर पडद्यावर, हे ट्रँग्युलेशन सिम्युलेटरवर पक्कं करा. नाहीतर कूर्चेवर (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) ओरखडे पडतात, आणि कूर्चा नीट भरून येत नाही.

उत्तर २: एसीएलमध्ये (गुडघ्यातला तुटलेला पुढचा अस्थिबंध नव्याने बसवताना) मांडीच्या हाडातला बोगदा मन लावून शिका. तो फार पुढे पडला की गुडघा वाकताना ग्राफ्टवर (अस्थिबंधाच्या जागी बसवलेली कंडरा) ताण येतो. मग वाकणं अडतं किंवा ग्राफ्ट सैल पडतो. हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूंचा) ग्राफ्ट ८ मिमीपेक्षा बारीक भरला तर तरुण खेळाडूत पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. अशा वेळी कंडरा आणखी दुमडून पदर वाढवा.

उत्तर ३: फिजिओसोबत काम करायला मिळतं का, हेही बघाच! एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर कबड्डीपटू सहाव्या महिन्यातच मैदान मागतो. ९ महिने आणि क्वाड्रिसेप्सची (मांडीच्या पुढच्या स्नायूंची) ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के, याआधी सोडू नये. एमडी स्पोर्ट्स मेडिसिन मात्र वेगळी वाट, तिथे शस्त्रक्रिया नाही.