अनुभव धागा : पावसातला ट्रेक, आपली पोरं आणि अंगावरचा रेनकोट

यवतेश्वरचा_वारा
काल पोवई नाक्यावर लेकीसाठी रेनकोट बघायला गेले होते. दुकानदाराने समोर टाकला तो जाड, आतून जाळीचं अस्तर, घडी उघडली की नव्या रबराचा तो वास. त्या वासाने एकदम लहानपण समोर उभं राहिलं. आमचे अप्पा रविवारी आम्हा भावंडांना अजिंक्यताऱ्यावर न्यायचे, पाऊस असो नसो. घरात रेनकोट एकच, तो थोरल्या दादाला, बाकीच्यांना पोत्याची खोळ. मंगळाईच्या देवळापर्यंत पोचेस्तोवर आम्ही पावसाने भिजलेलो आणि दादा रेनकोटच्या आत घामाने भिजलेला, आणि सगळ्यात जास्त तोच कुडकुडायचा! तेव्हा कळायचं नाही का ते.
आता लेक आठ वर्षांची, ऑगस्टमध्ये कासच्या पुढे एका रात्रीच्या कॅम्पला जाणारे, आईबाबांशिवाय. मला असं काहीतरी हवंय जे तिचं तिला पाठीवर नेता येईल, तिचं तिला घालता येईल आणि अर्ध्या वाटेत ती काढून टाकणार नाही. तुम्ही तुमच्या पोरांना काय घालता? हलक्या रेनकोटचे, पोंचोचे (तो डोक्यातून घालायचा, बिनबाह्यांचा मोकळा रेनकोट), तंबूतले, कसलेही अनुभव लिहा.

कोयनाकाठ
ताई तुमच्या दादाचं कारण सोपं आहे, तसले जाड कोट पीव्हीसीचे म्हणजे प्लास्टिकचे, त्यातून पाणी आत येत नाही तशी वाफही बाहेर जात नाही. चढावर पोरगं घामाने भिजतं आणि माथ्यावर वारा लागला की गारठतं. पातळ नायलॉनचा बघा, आतून पीयू कोटिंगवाला, म्हणजे पाणी अडवणारा पॉलीयुरेथेनचा पातळ थर दिलेला. लहान मापात पाव किलोच्या आसपास बसतो, मुठीएवढी घडी होते. घाम त्यातही येतो, पण समोरची चेन आणि काखेतली चेन उघडी ठेवली तर खूप फरक पडतो. घेताना उलटा करून शिवण बघायची, शिवणीवर आतून चकचकीत पट्टी चिकटवलेली पाहिजे. पट्टी नसेल तर कापड कितीही भारी असो, सुईच्या भोकांतून पाणी खांद्यावर उतरणारच. लेबलवर २००० मिमी, ५००० मिमी असं असतं, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं. २००० वाला गावातल्या पावसाला पुरतो, कोयनेकडं सॅकच्या पट्ट्याखाली ओल येते, तिकडं ५००० च्या पुढचाच बरा.

मिरजमळा
कोयनेकडं हे महत्त्वाचं!! आमच्याकडं दंडोब्यावर जो रेनकोट भारी वाटतो तो नवज्याला पाऊण तासात हरतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५५०० मिमीच्या वर पाऊस आणि म्हसवड दहिवडीकडं ५०० च्या आसपास, मग दोन्हीकडं एकच कोट कसा चालंल. जायचंय कुठं ते बघून घ्यावा.

शिराळा_पेठ
पोंचो! पोंचो! पोंचो! आमच्या दोन्ही पोरांना तोच. सॅकसकट अंगावर येतो, खालून हवा खेळते, बसताना खाली अंथरता येतो आणि पोरगं वाढलं तरी दोन वर्षं चालतो. फक्त धारेवर वारं असलं की डोक्यावर उलटतो आणि पोराला पुढचं दिसत नाही, म्हणून कमरेला नाडी बांधायचीच. आणि जिथं हात टेकून चढायचंय तिथं पोंचो नको, पाय अडकतो त्यात.

माणदेशी_आजोबा
आमच्या वेळी घोंगडीची खोळ. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, सुती कापड भिजलं की अंगाची सगळी ऊब ओढून घेतं, मेंढरांमागं पावसात दिवस काढणारा धनगर काय उगाच घोंगडी घेत नाही. वजन मात्र भिजल्यावर लई होतं, लेकरांच्या कामाचं नाही. पाटण, शिराळा भागात भात लावणीला इरलं असायचं, बांबूच्या कामट्यांचं आणि वर पानं, ते डोक्यावरनं पाठीवर टेकवायचं. दोन्ही हात मोकळे, पाठ कोरडी, पुढून वारं आत. तुम्ही आता दुकानात जे शोधताय ते सगळं त्यात होतं. लेकरांच्या आत मात्र एक पातळ लोकरीचा बनियन घाला, आजही सांगतो.

यवतेश्वरचा_वारा
आजोबा, किती छान सांगितलंत. लोकरीचं मनावर घेतलं, सासूबाईंना आत्ताच सांगितलं त्या लगेच सुया शोधायला लागल्यात.

ओपीडी_नंतर
घाईत लिहितेय, पेशंट बसलेत. लहान मुलांचं अंग वजनाच्या मानाने जास्त उघडं पडतं म्हणून ती मोठ्यांपेक्षा लवकर गार होतात. जीन्स आणि सुती टीशर्ट घालून पाठवू नका, प्लीज, पटकन वाळणारे कपडे घाला. रेनकोटपेक्षा महत्त्वाचं म्हणजे एक कोरडा जोड आणि कानटोपी, पाणी जाणार नाही अशा पिशवीत, आणि तो जोड पिशवीतून रात्री झोपतानाच बाहेर काढून घालायचा, चालताना कितीही मोह झाला तरी नाही. पोर कुडकुडतंय तोवर त्याला कोरडं करा, गोड काहीतरी खायला द्या. बडबडं पोर अचानक गप्प झालं, अडखळायला लागलं, शब्द जड यायला लागले की ट्रेक तिथंच थांबवायचा. दमलंय असं समजून पुढं ओढत नेऊ नका.

भडंग_आणि_चहा
डॉक्टरताईंना शंभर मार्क. त्या पिशवीवरून, सॅकच्या कव्हरवर विसंबू नका, पाठीच्या बाजूने पाणी आत जातंच. कचऱ्याची मोठी काळी पिशवी सॅकच्या आत घालायची, सगळं सामान त्यात आणि तोंड पिळून मुरगळायचं. दहा रुपयांत काम. आमचा ग्रुप सगळ्या पोरांना हेच करायला लावतो, पोरं स्वतः करतात आणि फार जबाबदारीनं करतात.

हळदीचं_पान
गमबूट कुणी सुचवत असेल तर नको हं. ओढ्यात एकदा पाणी आत गेलं की बादली पायात घेऊन चालल्यासारखं होतं आणि शेवाळावर घसरतात. साधे पकड असलेले बूट, भिजू देत, रात्री आत रद्दीचे बोळे कोंबायचे आणि दोनदा बदलायचे, सकाळपर्यंत घालण्यालायक होतात. मोजे दोन जोड जास्त. बाई गं कुकर झाला, येते परत

चंदन_वंदन
आमची पोरं यंदा वासोट्याला न्यायचीत, तिकडं जळवा फार असतात ना? त्याला काय घालायचं?

कोयनाकाठ
दादा, वासोटा पावसाळ्यात बंद असतो, कोयना अभयारण्यात येतो तो, वनखात्याची परवानगी लागते. दिवाळीच्या आसपास बघा, तेव्हा रेनकोटची गरजच नाही. जळवांना पँट मोज्यात खोचायची आणि मोज्यांना मिठाचं पाणी. लागली तर ओढायची नाही, नखानं तोंडाकडून सरकवायची.

शिराळा_पेठ
आमच्या धाकटीला जळू लागली तर तिने तिचं नाव ठेवलं आणि सगळ्या मैत्रिणींना दाखवत फिरली. पोरं आपल्यापेक्षा धीट असतात हो.

मिरजमळा
😂 नाव काय ठेवलं ते तरी सांगा

शिराळा_पेठ
राणी!

धुक्यातली_वाट
मी मुलांचे कॅम्प घेते, त्यामुळे जरा सविस्तर. रंग नारंगी नाहीतर पिवळा. कासला धुकं उतरलं की वीस पावलांवरचं गडद निळं किंवा हिरवं पोर दिसेनासं होतं, नारंगी तेवढं कळतं. हिरवा रेनकोट फोटोत सुंदर दिसतो हे खरं, पण मी पालकांना तो बदलायला लावते, त्यावर वाद घालायला तयार आहे. खिशात दोरीला शिट्टी.
टोपी : मुलाला घालून डावीउजवीकडे बघायला सांगा. मान वळते आणि टोपी तिथंच राहते असं झालं तर त्याला बाजूचं काही दिसणार नाही, मग ते टोपी मागे टाकतं आणि पाणी मानेतून आत. मागून आवळायची नाडी असेल तर टोपी डोक्याबरोबर फिरते, नसेल तर आत साधी क्रिकेटची कॅप घाला, पुढची झडप टोपी डोळ्यांवर येऊ देत नाही.
वाढत्या अंगाचा म्हणून एक माप मोठा घ्या, दोन नको. बाहीला मनगटाशी वेल्क्रो हवा.
आणि घरी बाथरूममध्ये परीक्षा घ्या! आत फिकट राखाडी टीशर्ट, वर रेनकोट, पाठीवर सॅक, शॉवरखाली दहा मिनिटं उभं करायचं. टीशर्टवर गडद डाग कुठं पडलेत ते बघितलं की शिवण कुठं गळते लगेच कळतं. मुलांना फार मजा येते आणि चेन, बटणं, टोपी सगळं स्वतः लावायला त्यातच शिकतात. गार बोटांनी चेन लावता आली पाहिजे, म्हणून चेनला सुतळीचा लांब गोंडा बांधून द्या.

यवतेश्वरचा_वारा
शॉवरची आयडिया जबरदस्त, आज संध्याकाळीच! लेक आत्तापासून उड्या मारतेय. तंबूचं पण सांगा ना कुणीतरी, रात्री रेनकोट कुठं ठेवायचा?

धुक्यातली_वाट
ओला रेनकोट तंबूच्या आत कधीच नाही. फ्लाय म्हणजे तंबूवरचं बाहेरचं कापड, त्याखाली जी ओसरीसारखी जागा असते तिथं. रात्री तंबूच्या भिंतींवर आतून थेंब जमतात, मुलांना वाटतं तंबू गळतोय, तो श्वासातला दमटपणा असतो. वरची हवेची खिडकी पावसातही थोडी उघडी ठेवायची, आणि स्लीपिंग बॅग भिंतीला टेकू द्यायची नाही. पहाटे लघवीला उठायचं असतं तेव्हा रेनकोट अंधारात हाताला लागेल अशी जागा आधीच दाखवून ठेवायची, नाहीतर पोर तसंच बाहेर पळतं आणि तो कोरडा जोड गेला.

हळदीचं_पान
आले परत. ठोसेघरला मागे आमची सगळी गँग भिजून चिंब, तिथं गरम कणीस आणि कांदाभजी... त्या कणसाची चव अजून जिभेवर आहे. विषय सोडून लिहिलं पण लिहिल्याशिवाय राहवेना 😋

भडंग_आणि_चहा
सज्जनगडाच्या पायऱ्या उतरून आल्यावरचा चहा विसरलात.

चंदन_वंदन
पोरांची उंची वर्षात पाच सहा सेंटीमीटर वाढते, दरवर्षी नवा कोट परवडत नाही. आपल्यात कुणाकडे लहान झालेले असतील तर अदलाबदल करूया का? माझ्याकडे पाच ते सहा वर्षांच्या मापाचा पिवळा आहे, शिवण चांगली आहे, दहा वर्षांच्या मापाचा पाहिजे.

मिरजमळा
आहे माझ्याकडं दहाचा, नारंगी. फक्त वर्षभर घडी घालून माळ्यावर होता, आतून जरा चिकट लागतोय, चालंल का?

कोयनाकाठ
मिरजमळा, तो चिकटपणा म्हणजे पीयूचं कोटिंग सुटायला लागलंय, ओला किंवा दमट घडी केला की होतं. तो देऊ नका कुणाला, ट्रेकवर गळेल. शाळेत न्यायला ठीक. नवा घेतला की साध्या पाण्यात हातानं धुवायचा, पिळायचा नाही, इस्त्री नाही, सावलीत पूर्ण वाळवून हँगरला सैल टांगायचा.

मिरजमळा
बरं झालं सांगितलंत, मग तो गाडीवर झाकायला ठेवतो. भावाच्या पोराचा एक आहे, शॉवरची परीक्षा घेऊन रविवारी कळवतो.

चंदन_वंदन
चालतंय. रविवारी कराडला येतोच आहे मी, एसटी स्टँडजवळ भेटू, पिवळा घेऊन येतो.